अंतराची काटकसर

कमी पैशांत परदेश हिंडू पाहणाऱ्यांचे बेत तपासणं आणि त्यांचा खर्च मांडून देणं हे माझं काम. वाळवंटी देशांच्या बेतांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसत आली आहे: माणसं काटकसर करतात, पण भलत्याच जागी. जॉर्डनचंच घ्या. रात्रीचा पलंग आठ दिनारांत मिळेल की दहा, याचा शोध आठवडाभर चालतो. घरून चिवडा, मेतकूट आणि झटपट उपम्याची पाकिटं बांधून घेतली जातात. आणि तोच बेत सहा दिवसांत अम्मान, जेराश, मृत समुद्र, करक, पेट्रा, वादी रम आणि अकाबा अशी सात ठिकाणं उरकायची असा असतो. पलंगावर वाचवलेले दोन दिनार एका टॅक्सीच्या फेरीत दहापटीनं निघून जातात. मला मांडायचं आहे ते एवढंच की वाळवंटी देशात पैसा झोपण्या-खाण्यावर फारसा जात नाही. तो दोन ठिकाणांमधल्या मोकळ्या जागेवर जातो. म्हणून तिथे काटकसर करायची ती अंतराची. कमी ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी जास्त मुक्काम आणि मधला प्रवास तिथल्या माणसांच्या वेळापत्रकानं. हे वरवर पाहता चैनीसारखं वाटतं. हिशेब मांडला की ते सर्वांत स्वस्त ठरतं, आणि माझ्या मते यजमान देशाच्या बाजूनेही तेच सर्वांत न्याय्य आहे.

आधी हिशेब. जॉर्डनचा दिनार १९९५ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे; एका दिनाराला आपले सव्वाशे रुपयांच्या आसपास पडतात. इतक्या महाग चलनाच्या देशात स्वस्तात फिरता येईल यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पण फलाफलचं सँडविच अर्ध्या-एक दिनारात मिळतं. हुमुस, फूल म्हणजे शिजवलेला बाकला, ताजी खुब्ज म्हणजे रोटी आणि चहा असं पोटभर जेवण दोन-तीन दिनारांत होतं, आणि त्यात शाकाहारी माणसाची उपासमार मुळीच होत नाही. अम्मान किंवा पेट्राशेजारच्या वादी मूसामधल्या हॉस्टेलात सामाईक खोलीतला पलंग आठ-दहा दिनारांच्या घरात असतो. आता दुसरी बाजू पाहा. पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, म्हणजे सहा हजार रुपयांच्या पुढे. एकदाच प्रवेश करण्याच्या व्हिसाची फी ४० दिनार. या दोन्हींवर उपाय म्हणून सरकारने जॉर्डन पास काढला. तो देशात पोहोचण्याआधी विकत घ्यायचा असतो आणि किमान तीन रात्री देशात राहिलं तर व्हिसाची फी माफ होते. (विमानतळावर व्हिसा कोणाला आणि कोणत्या अटींवर मिळतो हे नियम बदलत राहतात, ते निघण्याआधी पाहून घ्यावेत.) पेट्राच्या एका दिवसासह पास ७० दिनारांना, दोन दिवसांसह ७५ ला आणि तीन दिवसांसह ८० ला. त्यातच वादी रम, जेराश, करकचा किल्ला, अम्मानचा गड अशी चाळिसेक ठिकाणं येतात. हे ८० दिनार पाच दिवसांच्या प्रवासात रोजचे १६ पडतात, दहा दिवसांत ८. विमानाच्या तिकिटाचंही तसंच. म्हणजे प्रवास लांबला की एकूण खर्च वाढतो खरा, पण वाढणारा भाग हा पलंग, फलाफल आणि पाणी यांचा, सगळ्यांत स्वस्त वस्तूंचा असतो.

हे असं का, याचं उत्तर भूगोलात आहे. जॉर्डनचं क्षेत्रफळ सुमारे ८९,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागात वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो, आणि एक कोटीहून जास्त असलेली लोकसंख्या बहुतेक सगळी वायव्येच्या ओल्या पट्ट्यात दाटलेली आहे. उरलेल्या देशात गाव तिथेच वसतं जिथे झरा, विहीर किंवा आता नळाची वाहिनी पोहोचते. आपल्याकडे दोन शहरांच्या मध्ये दर पाच-दहा किलोमीटरवर वस्ती असते, उतारू चढतात-उतरतात आणि त्या सगळ्यांच्या जोरावर एसटी चालते. वाळवंटात मधे कोणी चढतही नाही आणि उतरतही नाही. गाडीचा सगळा खर्च दोन टोकांच्या माणसांवर पडतो, आणि टोकाची वस्ती लहान असेल तर गाड्याही थोड्या. पाण्याचं तर विचारूच नये. जागतिक मापाप्रमाणे माणशी वर्षाला ५०० घनमीटरखाली पाणी असलं तर ती टोकाची टंचाई समजतात. जॉर्डनमध्ये नव्याने भरून निघणारं पाणी माणशी १०० घनमीटरही नाही. अम्मानच्या घरांवर टाक्यांच्या रांगा दिसतात त्या यासाठीच, कारण नळाला पाणी साधारण आठवड्यातून एकदा येतं. हॉस्टेलातली अंघोळसुद्धा त्याच टाकीतली असते, हे दर रात्री नवं हॉस्टेल गाठणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. एक माणूस एकाच जागी चार रात्री राहिला तर चादर आणि पंचा एकदा धुवायला लागतो. चार जागी एकेक रात्र राहिला तर चारदा.

जॉर्डनच्या मिनीबसबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण बेत कोसळतात ते तिथेच. तिथली मिनीबस घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. अम्मानच्या दक्षिण स्थानकावरून वादी मूसाकडे, म्हणजे पेट्राच्या गावाकडे जाणाऱ्या गाड्या अशाच असतात. वीसेक आसनं भरेपर्यंत चालक चहा पीत उभा असतो, आणि एखाद्या बाईशेजारी अनोळखी पुरुष बसू नये म्हणून उतारूंना दोन-तीनदा उठवून पुन्हा बसवतो. ही गाडी पर्यटकांसाठी काढलेलीच नाही. तिची दिशा आणि वेळ ठरते ती गावकऱ्यांच्या दिवसावरून: पहाटे गावातून तालुक्याला, दवाखाना, बाजार, सरकारी कचेरी, कॉलेज उरकून दुपारी परत. त्यामुळे पहाटे गावाकडे जाऊ पाहणारा आणि संध्याकाळी गावातून निघू पाहणारा पाहुणा नेमका उलट्या दिशेला उभा असतो. शुक्रवारी तर गाड्या अगदीच तुरळक. त्यातून प्राचीन राजमार्ग, जो मादबा, मुजिबची दरी, करक, ताफिला, शौबक असा डोंगरकड्यांवरून जातो, त्या सगळ्यावर एका दमात जाणारी बस नाही. ताफिल्याची माणसं ताफिल्याला जातात, करकची करकला. करकहून थेट पेट्राला जायचं कारण फक्त पर्यटकाला असतं. पुस्तकात नकाशा पाहून हा रस्ता ‘वाटेवरच आहे’ असं वाटतं, आणि मग मधल्या तुटलेल्या टप्प्यासाठी टॅक्सी करावी लागते. ती टॅक्सी येताना रिकामी आलेली असते आणि जाताना रिकामीच जाणार असते, त्यामुळे चालक दुहेरी अंतराचे पैसे मागतो. तो लुबाडतोय असं मला वाटत नाही. वाळवंटात परतीचा उतारू मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जेट या कंपनीच्या मोठ्या बसगाड्या अम्मानहून पेट्राला आणि अकाबाला ठरल्या वेळी जातात. त्या मिनीबसपेक्षा महाग, पण भरवशाच्या. एका दिवसात जाऊन-येऊन पेट्रा पाहणाऱ्यांसाठी त्या सोयीच्या आहेत. मात्र अम्मान ते वादी मूसा हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि ते एका दिवसात दोनदा कापणाऱ्याच्या हाती पेट्रात दुपारचे काही तास उरतात.

आणि पेट्रा हे काही तासांत आटपण्याचं ठिकाण नाही. दरपत्रकच ते सांगतं: एक दिवस ५०, दोन दिवस ५५, तीन दिवस ६०, आणि देशात एकही रात्र न राहता सीमेपलीकडून दिवसापुरता आलेला असेल तर ९०. इतकी स्पष्ट किंमत लावून ‘थांबा’ म्हणणारं दुसरं पर्यटनस्थळ मला माहीत नाही. तरी बहुतेक बेतांत पेट्राला एकच दिवस दिलेला असतो आणि वाचलेला दिवस मृत समुद्रावर तरंगण्यासाठी राखून ठेवलेला असतो. एका दिवसात सुमारे सव्वा किलोमीटरची सीक नावाची अरुंद घळ, तिच्या दुसऱ्या टोकाशी उभं असलेलं खजिन्याचं शिल्प, थडग्यांची रांग, नाट्यगृह आणि जमलं तर आठशे पायऱ्या चढून मठ, एवढं होतं. दुसऱ्या पाच दिनारांत काय मिळतं? पहाटे सहाला दार उघडताना आत शिरता येतं आणि सहलीच्या बसगाड्या यायच्या आत सीक जवळपास रिकामी मिळते. बळीच्या उंच जागेवर सावकाश चढून पलीकडच्या दरीतून उतरता येतं. तिसऱ्या दिवशी छोट्या पेट्राकडून, जिथे तिकीट लागत नाही, मागच्या डोंगरवाटेने मठाकडे येता येतं. आणि मुख्य म्हणजे पाणी पाहता येतं. नबाती लोकांनी हे शहर पाण्याच्या व्यवस्थापनावर उभं केलं: सीकच्या दोन्ही भिंतींमधून कोरलेल्या पन्हळी, मातीच्या नळ्या, डोंगरमाथ्यांवरची टाकी, पुराचं पाणी घळीत घुसू नये म्हणून तोंडाशी बांध आणि ते वळवून नेणारा खडकातला बोगदा. हा बांध काळाच्या ओघात मोडला. १९६३ च्या एप्रिलमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सीकमध्ये वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक बुडून मेले, आणि त्यानंतर तो पुन्हा बांधला गेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी जे ओळखलं होतं ते विसरण्याची किंमत त्या दिवशी चुकवावी लागली. सीकमधून घाईने जाणाऱ्याला त्या पन्हळी भिंतीवरच्या रेघा वाटतात. सावकाश चालणाऱ्याला त्यांचा उतार समजतो, टाक्यांशी त्यांचं नातं जुळतं, आणि खजिन्याच्या शिल्पापेक्षा हे काम मोठं आहे असं माझ्यासारखं त्यालाही वाटू लागतं. हे दिवसाला पाच जादा दिनारांना मिळतं, जेवणाच्या दोन वेळांच्या पैशांत.

वादी रममध्ये हाच नियम जरा वेगळ्या वेषात भेटतो. सुमारे ७४० चौरस किलोमीटरचं हे वाळू आणि वालुकाश्माच्या सुळक्यांचं रान २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेश पाच दिनार, पास असेल तर तोही नाही. पण रम गावाच्या पलीकडे रस्ता नाही, त्यामुळे पुढे जायचं ते जीपने, उंटावरून किंवा पायी. जीपचं भाडं गाडीचं असतं, माणसाचं नाही. एकटा गेला काय आणि पाचजण गेले काय, डिझेल आणि चालकाचा दिवस तेवढाच. एकट्या प्रवाशाला इथे एक मोह पडतो. आरक्षणाच्या ॲपवर तीन-चार दिनारांत तंबूतला पलंग दिसतो आणि वाटतं, हाच सौदा. त्या किमतीत तंबू चालूच शकत नाही. पैसे जीपच्या सहलीत आणि जेवणात धरलेले असतात, सहल न घेणाऱ्याला मग तिथे कोणी हसून बोलत नाही. काही स्वस्त तंबू तर राखीव क्षेत्रात नसून बाहेर दीसी गावाच्या बाजूला असतात. त्यापेक्षा राहणं, रात्रीचं झर्ब म्हणजे वाळूतल्या खड्ड्यात भाजलेलं जेवण, नाश्ता आणि जीप मिळून एकच भाव आधी विचारावा आणि दुसऱ्या गटाबरोबर जीप वाटून घेण्याची तयारी ठेवावी. त्यासाठी हाताशी एक जादा दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी जीप घेऊच नये. वाटाड्याबरोबर किंवा तंबूच्या आसपास नजरेच्या टप्प्यात पायी हिंडावं. या दरीचा भूभाग ज्यावर उभा आहे त्या दीसीच्या खडकाखाली हजारो वर्षांपूर्वीचं, पुन्हा न भरणारं पाणी आहे. २०१३ पासून ते ३२५ किलोमीटरच्या वाहिनीतून अम्मानला जातं, वर्षाला सुमारे दहा कोटी घनमीटर. राजधानीच्या हॉस्टेलातली ती आठवड्याची टाकी काही अंशी या वाळूखालून भरलेली असते. हे ठाऊक असलेला माणूस तंबूतल्या बादलीकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो नोकरदारांचा, आणि तो रास्त आहे. रजा मोजकी असते. सावकाशीचा सल्ला विद्यार्थ्याला किंवा काम सोडून निघालेल्याला ठीक आहे, आठ दिवसांची रजा टाकून आलेल्या माणसाने काय करायचं? माझं म्हणणं दिवस वाढवा असं नाहीच. दिवस तेवढेच ठेवून ठिकाणं कमी करा, असं आहे. आठ दिवसांत सात ठिकाणं आणि आठ दिवसांत तीन ठिकाणं यांची तुलना केली तर दुसऱ्या बेतात किमान तीन लांबचे टप्पे कमी होतात, आणि प्रत्येक टप्प्याबरोबर अर्धा दिवसही परत मिळतो. परत जाण्याची शक्यता नाही, म्हणून सगळं एकदाच पाहून घेऊ, या विचारामागची कळकळ मला समजते. रुपयांत कमावून दिनारांत खर्च करणाऱ्या माणसाला दुसरी संधी सहज मिळत नाही. पण धावत्या गाडीच्या काचेतून सात ठिकाणं पाहणाऱ्याच्या पदरात त्या सातांपैकी नेमकं काय पडतं, याचाही हिशेब त्याच वहीत मांडायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक ताकदीचा आहे: चारजण मिळून गाडी भाड्याने घेतली तर मिनीबसची कटकट संपते आणि माणशी खर्चही आटोक्यात राहतो. हे मी मान्य करते. राजमार्गासारख्या तुटक वाटेवर चौघांसाठी गाडीच स्वस्त पडते, आणि मुजिबच्या दरीचा तो उतार मनासारखं थांबत पाहायचा असेल तर दुसरा मार्ग नाही. पण बॅकपॅकवाले बहुतेक एकटे किंवा दोघं असतात, तिथे हे गणित उलटतं. शिवाय गाडी हाताशी आली की बेत ताणला जातो. ‘तासाभराचंच तर अंतर’ म्हणत आणखी दोन ठिकाणं जोडली जातात, पेट्रोल वाढतं आणि जिथे ती गाडी दोन-दोन दिवस उभी राहते, म्हणजे पेट्रा आणि रम, तिथे तिचं भाडं मात्र चालूच राहतं. म्हणून मी असं सुचवते की गाडी हवीच असेल तर फक्त राजमार्गाच्या एक-दोन दिवसांसाठी घ्यावी आणि परत करावी.

तिसरा आक्षेप खरं तर आक्षेप नसून पर्याय आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. वाळवंटातली माणसं आतिथ्यशील असतात, मग बेदुईन कुटुंबाकडे फुकट राहावं, वाटेत गाड्यांना हात करावा, कुठेही तंबू ठोकावा, वस्तूंचा भाव निम्म्यावर आणावा; बजेट आपोआप बसतं. या मार्गाने महिनाभर जवळपास बिनपैशांचा प्रवास करता येतो हे खरं आहे. पण बेदुईनांचं आतिथ्य कुठून आलं ते पाहा. आलेल्या पाहुण्याला तीन दिवस काही न विचारता ठेवून घ्यायचं ही तिथली जुनी रीत. ज्या प्रदेशात पुढची विहीर दोन दिवसांच्या वाटेवर आहे, तिथे आज माझ्या दारात आलेल्याला मी पाणी दिलं तर उद्या त्याच्या टापूत मला मिळेल, हा त्यामागचा जगण्याचा करार होता. भिशीत जसा प्रत्येकाने आपापला हप्ता भरायचा असतो तसा. पाठीवर सॅक घेऊन आलेला परदेशी या भिशीतून उचल करतो आणि हप्ता न भरता निघून जातो. त्याच्या दारात तो यजमान कधीही येणार नसतो. एखादा चहा, एखादं जेवण नाकारणं हा अपमान ठरेल, ते जरूर घ्यावं. फुकट मुक्काम हा बेताचा भाग म्हणून धरणं वेगळं. आता तर यातली बहुतेक कुटुंबं भटकी उरलेलीच नाहीत. पेट्राच्या गुहांत राहणाऱ्या ब्दूल लोकांना १९८० च्या दशकात सरकारने उम्म सैहून या नव्या वस्तीत हलवलं, आणि तेव्हापासून त्यांचं पोट जवळजवळ पूर्णपणे पर्यटनावर आहे. २०१९ मध्ये पेट्रात दहा लाखांहून जास्त माणसं आली. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझातल्या युद्धाने ती संख्या पुढच्या वर्षी निम्म्याखाली घसरली, जॉर्डनमध्ये स्वतः युद्ध नसताना. अशा वेळी तंबू रिकामे असतात आणि भाव हवा तेवढा पाडता येतो. तो पाडावा का? घासाघीस ही तिथल्या बाजाराची रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही, पण अडलेल्या माणसाशी केलेली घासाघीस ही वेगळी गोष्ट असते, हे आपल्या आठवडी बाजारात भाजी घेणाऱ्या कोणालाही सांगावं लागू नये. दोन गोष्टींत मात्र मी पैसे न देण्याच्या बाजूची आहे: शाळेच्या वेळात वस्तू विकणाऱ्या मुलांकडून काही घेऊ नये, आणि मठाच्या पायऱ्या चढायला थकलेलं गाढव करू नये. तिथलं प्रशासनही मुलांकडून खरेदी करू नका असं सांगतं, आणि सीकमधल्या घोडागाड्यांच्या जागी २०२१ मध्ये विजेवरच्या गाड्या आल्या.

सावकाश हिंडणारा दिवसाला कमी पैसे खर्च करतो, मग त्याचा गावाला काय उपयोग, असंही विचारलं जातं. दिवसाला कमी, हे खरं. पण त्याचे पैसे मिनीबसवाल्याला, कोपऱ्यावरच्या भटारखान्याला, गावातल्या खानावळीला जातात. दाना अभयारण्याचं उदाहरण मला पटण्यासारखं वाटतं. १९८९ मध्ये स्थापन झालेलं, सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र दीड हजार मीटर उंचीच्या कड्यावरून थेट समुद्रसपाटीखालच्या वाळवंटापर्यंत उतरतं. तिथला कारभार जॉर्डनची निसर्गसंरक्षण संस्था पाहते. खाली फेनानला सौरऊर्जेवर चालणारं निवासस्थान आहे आणि तिथवर पाहुण्यांना नेण्या-आणण्याचं काम स्थानिक बेदुईन चालकांना पाळीपाळीने मिळतं. फेनानचा मुक्काम बॅकपॅकवाल्याच्या खिशाला जड आहे. वरच्या दाना गावातल्या साध्या खोल्या मात्र परवडतात, आणि तिथून दरीत चालत उतरण्याच्या वाटेला जीप लागत नाही. जॉर्डन पासमध्ये दाना येत नाही, म्हणून अनेकजण ते गाळतात. माझ्या मते गाळायचं असेल तर आधी जेराश गाळावं.

काटकसर जिथे करूच नये अशा जागाही आहेत. चालणाऱ्याला दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बाटली गावच्या दुकानातून घेतली तर अर्ध्या दिनाराच्या आत पडते, पेट्राच्या आत तिचा भाव दुप्पट-तिप्पट होतो, तेव्हा ओझं वाहावं पण कमी पिऊ नये. ऑफ सीझनला स्वस्त म्हणून जुलै-ऑगस्ट निवडू नयेत. रममध्ये पारा चाळिशीला टेकतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गोठवणाऱ्या असतात आणि पावसाळी दिवसांत घळींमध्ये लोंढे येतात. २०१८ च्या ऑक्टोबरात मृत समुद्राजवळच्या दरीत सहलीला आलेली शाळकरी मुलं अशा लोंढ्यात वाहून गेली, आणि पंधरवड्यातच पेट्रातून हजारो पर्यटकांना घाईने बाहेर काढावं लागलं. वर निरभ्र आकाश असलं तरी वीस किलोमीटरवर पडलेला पाऊस घळीत पोहोचतो, आणि हे ओळखणारा माणूस म्हणजे स्थानिक वाटाड्या. एकटीने जाणाऱ्या बाईचा प्रश्नही इथेच येतो. गर्दीच्या मिनीबसमध्ये ती जितकी सुरक्षित असते तितकी रात्री उशिरा केलेल्या टॅक्सीत नसते, आणि सात ठिकाणांच्या बेतात रात्रीची टॅक्सी हमखास येते.

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर हे महिने घेऊन, दहा रात्रींसाठी मी मांडते तो बेत असा असतो. अम्मानला दोन रात्री; विमानतळापासून शहरात बसने. तिथून दानाजवळच्या कादिसिया गावाच्या मिनीबसने दाना, तीन रात्री. दाना ते वादी मूसा हा एकमेव टप्पा टॅक्सीचा, खानावळीत भेटणाऱ्या इतर प्रवाशांबरोबर वाटून. वादी मूसात तीन रात्री. तिथून पहाटेच्या मिनीबसने रम, दोन रात्री, आणि शेवटच्या सकाळी अकाबाला उतरून अम्मानची बस धरायची, विमान त्या रात्री उशिराचं असावं. निघण्याची तारीख विमानाच्या भाड्यावरून ठरवण्याआधी पंचांग पाहून घ्यावं: मधला शुक्रवार वादी मूसाच्या मुक्कामात यायला हवा, कारण त्या दिवशी पेट्रा उघडं असतं आणि तिथे जायला मिनीबसची गरज नसते.